साल्वेकोच्या शर्यतीतला तांब्याचा हातोडा

मित्रांनो, बोर्गो साल्वेकोच्या जुन्या बाजारघरात तुम्ही कधी आलात, तर आधी त्या लाल गाडीकडेच धावाल. सगळेच धावतात. मी तिचा हेवा करत नाही. ती दिसतेच तशी. पण तिच्यामागे, खिडकीखालच्या काचेच्या पेटीत आखूड दांड्याचा एक जाडजूड हातोडा ठेवलेला आहे. तो मी. डोके तांब्याचे, दांडा जैतुणाच्या लाकडाचा, वजन दोन किलो. आज बाजारघरात कोणी नाही, ऊन थेट माझ्यावर आले आहे, आणि अंग जरा ऊबदार झाले की मला जुने दिवस आठवतात.

माझ्या जन्माआधी माझे तांबे एका पातेल्यात होते. ते पातेले होते आर्जिया मोंतेबेल्ली या बाईंचे. नवरा लवकर गेला, तेव्हापासून शेत, कोंबड्या आणि दोन मुले हे सगळे तिने एकटीने सांभाळले. त्या पातेल्यात ती रोज मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळायची. मग युद्ध आले, आणि सरकारने घराघरातले तांबे मागायला सुरुवात केली. आर्जियाने पातेले खुराड्याखाली पुरले. हवालदार दारात आला तेव्हा तिने हात कमरेवर ठेवून सांगितले, "तांबं? आमच्या घरात तांबडं असं एकच आहे, त्या कोंबड्याचा तुरा. न्यायचा तर तो न्या."

हवालदार हसून निघून गेला. पातेले वाचले. पण पुढे तोफांचे गोळे पडले तेव्हा एका तुकड्याने जमिनीत शिरून त्याच्या बुडाला भोक पाडले. युद्ध संपल्यावर आर्जियाने ते उकरून काढले, ॲप्रनने पुसले आणि बराच वेळ त्या भोकातून आकाशाकडे पाहत बसली.

तिचा जावई देल्मो तेव्हा जवळच उभा होता. देल्मो राव्हायोली ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. बोलणे कमी, हात मोठे, आणि कानांवर कायम वंगणाचे डाग.

"आई, हे पातेलं मला द्या," तो म्हणाला.

"कशाला? पोलेंटा अर्धा चुलीत जाईल."

"हातोडा ओतायचाय. लेआर्कोच्या गाडीसाठी."

लेआर्को म्हणजे आर्जियाचा मुलगा, देल्मोचा मेहुणा. वय पंचवीस. युद्धाआधीची एक शर्यतीची गाडी, तीच ही लाल गाडी, या दोघांनी गवताच्या गंजीतून तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढली होती आणि वर्षभर खपून ती पुन्हा उभी केली होती. त्या काळच्या गाड्यांचे चाक एकाच मोठ्या नटावर बसायचे. त्या नटाला दोन कान असत. कानावर हातोडा मारायचा, नट सैल व्हायचा. उलट बाजूने मारला की आवळायचा. लोखंडी हातोड्याने मारले तर कान तुटतो, शिवाय ठिणगी उडते, आणि शेजारी पेट्रोलचे डबे उघडे असतात. म्हणून हातोडा हवा मऊ धातूचा. घाव त्याने सोसायचे, नटाला काही होऊ द्यायचे नाही. माझे सगळे आयुष्य एवढ्या एका कामासाठी आहे.

आर्जियाने पातेले दिले, पण लगेच हातातून सोडले नाही. "एक ऐक, देल्मो. माझा पोरगा त्या चाकांवर बसणार. हा हातोडा तुझ्याच हातात राहिला पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही."

"नाही देणार," देल्मो म्हणाला.

चर्चच्या घंटा ओतणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला वाळूच्या साच्यात ओतले. दांडा देल्मोने स्वतः तासला. पहिल्या दिवशी त्याने मला तळहातावर तोलले आणि बायकोला हाक मारली. "ईरिदे, बघ. अगदी बरोबर वजन भरलंय." ईरिदेने मला उचलले आणि म्हणाली, "आईचं पातेलं होतं तेव्हा याहून जड वाटायचं."

माझे सुखाचे दिवस तिथून सुरू झाले. संध्याकाळी काम आटोपले की देल्मो गाडी जॅकवर चढवायचा आणि आम्ही सराव करायचो. ईरिदे घड्याळ घेऊन उंबऱ्यावर बसायची. तीन घाव, नट सैल. चाक उतरले, चाक चढले. पाच-सहा घाव, नट घट्ट. "चाळीस सेकंद," ती सांगायची. मग "छत्तीस." मग एक दिवस "एकतीस!" आणि लेआर्को गाडीतून उडी मारून बाहेर यायचा, "दाजी, तुम्ही माणूस आहात की यंत्र?" म्हणत देल्मोच्या पाठीवर थाप मारायचा. देल्मो मान खाली घालून नट पुसत बसे. पण त्याच्या मुठीतून मला कळायचे की तो खूश आहे.

एकोणीसशे सत्तेचाळीसच्या ऑगस्टमध्ये साल्वेकोची ग्रां प्री, म्हणजे मोठी मोटारशर्यत, पुन्हा भरली. सात वर्षांनंतर पहिल्यांदाच. युद्धात तुटलेला पूल नुकताच बांधून झाला होता, त्याचा चुना अजून पांढरा होता. रस्ता गावातून निघून पुलावरून टेकडीला वळसा घालून पुन्हा गावात यायचा. अशा चाळीस फेऱ्या. घराघरांच्या खिडक्यांतून गाद्या आणि चादरी लटकवल्या होत्या, वळणांवर गवताचे भारे रचले होते. पाद्रीबाबा सकाळची प्रार्थना इतक्या घाईने उरकून आले की लोक म्हणाले, पहिला विक्रम त्यांनीच मोडला.

गावाला त्या दिवशी लेआर्को जिंकायला हवा होता. मिलानच्या एका मोटार-कारखान्याचा माणूस पांढरी टोपी घालून मंचावर बसला होता. शर्यत जो जिंकेल त्याला पुढच्या वर्षी कारखान्याची गाडी मिळणार, हे पोराटोरांनाही ठाऊक होते. आणि लेआर्कोला अडवू शकेल असा एकच जण होता, आमच्या रोमान्या प्रांतातला नव्हे, डोंगरापलीकडच्या तोस्कानातला ग्वेल्फो बार्दात्सी. हसऱ्या चेहऱ्याचा, लांब नाकाचा, आईने विणलेला हिरवा गळपट्टा कडक उन्हातही न सोडणारा.

रस्त्याकडेला फळ्यांचे ठोकळेवजा गाळे केले होते. गाड्या टायर बदलायला, पेट्रोल भरायला तिथे थांबायच्या. आमच्या शेजारचाच गाळा ग्वेल्फोचा. त्याचा मेकॅनिक सान्ते सकाळपासून देल्मोची चेष्टा करत होता.

"काय रे, रोमान्यावाल्या, हातोडा की पोलेंटा ढवळायचा दांडा?"

"दोन्ही," देल्मो म्हणाला. "भूक लागली तर सांग."

तेविसाव्या फेरीपर्यंत ग्वेल्फो पुढे होता, लेआर्को त्याच्या मागे अगदी चिकटून. ईरिदे फळीवर उभी राहून वेळ टिपत होती. चोविसाव्या फेरीला ग्वेल्फो आत आला. सान्तेने मागचे डावे चाक उतरवले, नवे चढवले, नट हाताने फिरवून बसवला आणि पहिला घाव घालायला हातोडा उगारला. त्याचा दांडा तडकला. डोके उडाले ते थेट मागच्या कालव्यात. डुबुक असा आवाज मी ऐकला.

"सोड!" ग्वेल्फो आसनावरून ओरडला. "सोड, असाच जातो मी!"

"वेडा आहेस का? नट नुसता टेकलाय!" सान्ते किंचाळला. त्याने इकडेतिकडे पाहिले. त्याच्याकडे दुसरा हातोडा नव्हता. ग्वेल्फोने गाडीला गियर घातला.

देल्मोने मला दिले. मित्रांनो, त्याने विचार केला असे मी म्हणणार नाही. तेवढा वेळच नव्हता. लेआर्को टायर बदलायला दोन फेऱ्यांनी आत यायचा होता, म्हणजे सात मिनिटे हातात होती. देल्मोने फळीवरून हात लांब केला, "घे, मार," म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी परक्या मुठीत गेलो. सान्तेची मूठ घामाने निसरडी होती. एक घाव. दोन. तीन. नट सरकत होता, पण आट्यांत माती गेली होती. प्रत्येक घावाला तो बोटभरच फिरे.

आणि तेवढ्यात लेआर्को आला.

त्याचे पुढचे एक टायर टेकडीच्या उतारावर फाटले होते. चिंध्या फडफडत, नुसत्या धावेवर, गाडी खरडत आमच्या गाळ्यासमोर थांबली. "चाक!" तो ओरडला. "दाजी, चाक!"

देल्मोने जॅक लावला. गाडी उचलली. नवे चाक हाताशी आणले. मग तो वळला. मी सान्तेच्या हातात होतो, देल्मोपासून दोन हातांवर. त्याने हात पुढे केला असता तर मी त्याचा झालो असतो. सान्तेनेही ते पाहिले आणि तो थबकला.

"हातोडा!" लेआर्को ओरडत होता. "हातोडा कुठाय?"

देल्मोने ग्वेल्फोच्या नटाकडे पाहिले. तो अर्धाच बसला होता.

"पूर्ण कर," तो सान्तेला म्हणाला.

सान्तेने आणखी सहा घाव घातले. मी कधी इतक्या जोराने आदळलो नव्हतो. शेवटच्या घावाला नट गच्च बसला, ग्वेल्फो निघून गेला, आणि सान्तेने मला फळीवरून देल्मोकडे फेकले. मग आमचे हात चालले. ईरिदेच्या घड्याळात आमचा तो सगळ्यात वेगवान बदल होता. सत्तावीस सेकंद. पण त्याआधीचे गेले ते गेलेच.

उरलेल्या फेऱ्या लेआर्कोने अशा मारल्या की म्हातारे अजून सांगतात. एकेका वळणावर तो अंतर कापत आला. पण शेवटी झेंडा पडला तेव्हा ग्वेल्फो नऊ सेकंदांनी पुढे होता.

ग्वेल्फो फुलांचा हार गळ्यात तसाच ठेवून आमच्या गाळ्यात आला. "सान्तेने सांगितलं मला," तो देल्मोला म्हणाला. "मी सोड म्हणत होतो, तू ऐकलं नाहीस."

"ड्रायव्हरचं कोण ऐकतं?" देल्मो म्हणाला.

लेआर्को तिथेच होता. त्याच्या तोंडावर तेल आणि धूळ, डोळ्यांभोवती चष्म्याची गोल पांढरी वर्तुळे. एरवी तो देल्मोला 'तुम्ही' म्हणायचा. "नऊ सेकंद, दाजी," तो म्हणाला. "मी समोर ओरडत होतो, आणि तू त्याचं चाक आवळून घेतलंस. मी तुझा कोण? तो तुझा कोण?" आणि उत्तराची वाट न पाहता गर्दीत निघून गेला.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याची जागा रिकामी होती. मी देल्मोच्या खिशात होतो. आर्जियाने वाढायला घेतले आणि मध्येच थांबली.

"दिलास तेव्हा तुला ठाऊक नव्हतं, लेआर्को येतोय ते."

"नव्हतं, आई."

"आणि तो आल्यावर?"

"तेव्हा होतं."

"तरी?"

"नट अर्धाच बसला होता."

आर्जियाने त्याची ताटली त्याच्याकडे सरकवली. "जेव. गार होतंय." तिने माफ केले की नाही, ते मला तेव्हा कळले नाही. देल्मोलाही कळले नसावे. तो जेवला मात्र.

गावाने इतक्या सहज सोडले नाही. न्हाव्याच्या दुकानात, कॉफीच्या बारमध्ये देल्मो शिरला की कोणीतरी म्हणायचे, "देल्मो, तुझी शिडी मिळेल का रे? तू कुणालाही काहीही देतोस म्हणे." एकाने तर देल्मोच्या वर्कशॉपचे दारच मागितले. "काढून दे ना, तुला कशाला लागतंय?" ज्याने शिडी मागितली त्याच्याकडे देल्मो दुसऱ्या दिवशी खरोखर शिडी घेऊन गेला. तो माणूस इतका ओशाळला की शिडी आठवडाभर त्याच्या अंगणात आडवी पडून होती.

लेआर्को गाव सोडून आंकोनाला गेला आणि तिथे पीच फळांचे ट्रक चालवू लागला. ईरिदेला पत्र लिहायचा, त्यात देल्मोचे नाव नसायचे. कारखान्याची गाडी ग्वेल्फोला मिळाली. प्रत्येक नाताळला त्याचे एक कार्ड यायचे. देल्मो ते वाचून माझ्याच खणात ठेवायचा. शर्यतीची गाडी ताडपत्रीखाली गेली. मला काम उरले नाही. पहिल्यांदाच माझ्या अंगावर हिरवट डाग पडले.

एकोणपन्नासच्या जूनमध्ये, दुपारच्या वेळी, बारमधल्या रेडिओवर बातमी आली. उत्तरेकडच्या एका शर्यतीत, पावसात, ग्वेल्फो बार्दात्सीची गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. तो जागीच गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक ट्रक देल्मोच्या वर्कशॉपसमोर थांबला. लेआर्को दारात उभा राहिला. दोन वर्षांत तो रोड झाला होता. देल्मो एका पट्टीला कानस मारत होता. तो तसाच मारत राहिला.

"दाजी, ती गाडी माझी असती," लेआर्को म्हणाला.

कानस चालू होती.

"त्या आसनावर मी असतो. बोला ना काहीतरी."

देल्मोने कानस खाली ठेवली. "काय बोलू? काल बातमी ऐकली आणि पहिल्यांदा मनात आलं, बरं झालं, तू नव्हतास. आणि लगेच लाज वाटली. ग्वेल्फोसुद्धा कुणाचा तरी होताच की." त्याने हात चिंधीला पुसले. "त्याला तिथवर मीच पोचवलं, लेआर्को. सहा घावांनी."

लेआर्को पुढे आला आणि आपल्या मेहुण्याच्या खांद्यावर डोके ठेवून लहान पोरासारखा रडला.

अंत्यविधीला जायचे ठरले. देल्मो, लेआर्को आणि आर्जिया असे तिघे जण ट्रकमध्ये पुढे बसणार होते. निघताना आर्जियाने खण उघडला आणि मला आपल्या टोपलीत, पावांच्या शेजारी ठेवले. देल्मो पाहत राहिला. "याला येऊ दे," ती म्हणाली. "तोही तिथे होता."

डोंगर ओलांडून आम्ही ग्वेल्फोच्या गावी पोचलो. दफन झाले. नंतर सान्ते आम्हाला ग्वेल्फोच्या घरी घेऊन गेला. स्वयंपाकघरात ग्वेल्फोची आई झेलिंदा बसली होती. लहानखुरी, ताठ, हात मांडीवर. शेजारी ग्वेल्फोची तरुण बायको, आणि जमिनीवर नऊ-दहा महिन्यांची एक मुलगी लाकडी चमच्याशी खेळत होती.

"तुमच्यातला देल्मो कोण?" झेलिंदाने विचारले.

देल्मोने टोपी हातात घेतली. "मी. बाई, मला माफ करा. त्या दिवशी मी हातोडा दिला नसता तर तो हरला असता. कारखान्यात गेला नसता. आज..."

"थांब, पोरा." तिने हात वर केला. "तो घरी आला त्या दिवशी याच खुर्चीवर बसून त्याने मला सगळं सांगितलं. नट टेकला होता नुसता, आणि हा मूर्ख तसाच निघाला होता. पुलाचा उतार पहिल्याच वळणावर होता ना?"

"होय," देल्मो म्हणाला.

"मग हिशेब मी करते, तू करू नकोस. तू हातोडा दिला नसतास तर मी सत्तेचाळीस सालच्या ऑगस्टपासून काळे कपडे घालून बसले असते. त्यानंतर त्याने या भिंतींना रंग दिला. दोनदा द्राक्षं उतरवली. हिच्याशी लग्न केलं. लग्नात इतकं वाईट नाचला की अजून लोक हसतात." तिने जमिनीवरच्या मुलीकडे बोट केले. "आणि ही बघ. ही नीव्हेस. हिचं काय करायचं सांग? ही नको होती का मला?"

आर्जियाने टोपलीतून मला काढले आणि झेलिंदासमोर टेबलावर ठेवले. झेलिंदाने माझ्यावर हात फिरवला. मग खाली वाकून तिने मला जमिनीवर ठेवले. नीव्हेसने चमचा टाकून दिला, दोन्ही हातांनी माझा दांडा धरला आणि फरशीवर ठक् केले. आवाज तिला आवडला. तिने पुन्हा केले. देल्मो फरशी फुटेल म्हणून पुढे झाला.

"वाजवू दे," झेलिंदा म्हणाली.

कितीतरी वेळ त्या घरात तेवढाच आवाज होता. मोठ्या मोठ्या शर्यतींत मी घाव घातले, पण त्या दुपारच्या त्या हलक्या ठकठकीइतके मला काही आठवत नाही.

परतताना लेआर्को ट्रक चालवत होता. घाट उतरल्यावर तो म्हणाला, "दाजी, ताडपत्री काढायची का?"

"टायर नवे लागतील," देल्मो म्हणाला.

आम्ही आणखी सात वर्षे शर्यती केल्या. ग्रां प्री एकही जिंकलो नाही. एकदा तिसरे आलो, दोनदा पाचवे. एकदा गाडी पेटली आणि सगळ्यांनी मिळून विझवली. ते दिवस मला सगळ्यात प्रिय आहेत. पुढे रस्त्यांवरच्या शर्यती बंद झाल्या, गाड्यांची चाकेही बदलली. एका नटाचे चाक गेले, माझी गरज गेली. आर्जिया गेली, लेआर्को गेला, एका हिवाळ्यात देल्मोही गेला. वर्कशॉप विकले गेले. नव्या मालकाने मला वापरून अक्रोड फोडले, दार उघडे राहावे म्हणून मला फटीत अडकवले, आणि मग एका ओल्या डब्यात खिळ्यांबरोबर टाकून दिले. वीस वर्षे मी तिथे होतो. मला राग नव्हता. त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते.

ईरिदेने मला शोधून काढले. लाल गाडी बाजारघरात ठेवायची ठरली तेव्हा ती त्या माणसाकडे गेली आणि डबा जमिनीवर पालथा करून मला उचलून घेऊन आली. आता वर्षातून एकदा जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, गाड्या हळूहळू टेकडीला वळसा घालून येतात, आणि काचेच्या पेटीत मला त्यांचा आवाज ऐकू येतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी असे काहीतरी असेल. एखादा अडकित्ता, एखादी कानस, शिवणयंत्राची तेलाची कुपी. त्याला कोरड्या जागी ठेवा, वर्षातून एकदा बोटभर तेल लावा. आणि घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, हे कुणाच्या हातात असायचे, त्या हातांनी काय केले. विचारायला उशीर करू नका. माझी गोष्ट ठाऊक असलेली ईरिदे आता नव्वदीची आहे. दर रविवारी काठी टेकत येते, काचेवरची धूळ रुमालाने पुसते, आणि समोर कोणी मूल उभे असेल तर त्याला सगळे सांगते. नसले तर थोडा वेळ वाट पाहते.

येत्या रविवारी तुम्ही या.